कागद, चुंबक आणि वहिवाट

विद्युत गिटारचा इतिहास सांगणारे लेखक वाद्याच्या लाकडाविषयी, तारांखालच्या पिकअपविषयी आणि अ‍ॅम्प्लिफायरमधल्या व्हॉल्व्हविषयी भरभरून लिहितात. परंतु या साऱ्या सरंजामाच्या शेवटी, लाकडी पेटीत, जाळीच्या कापडाआड बसवलेल्या ज्या कागदी शंकूमुळे हवेला प्रत्यक्ष स्पंदन मिळते आणि नाद श्रोत्याच्या कानापर्यंत पोचतो, त्या स्पीकरच्या वाट्याला बहुधा एखादी तळटीपच येते. असे होण्याचे कारण उघड आहे. स्पीकरने आपल्याकडे आलेला ध्वनी इमानाने बाहेर सोडावा, त्यात पदरचे काही घालू नये, अशी त्याच्या जन्मदात्यांची अपेक्षा होती. आणि ज्याचे कर्तव्यच स्वतःला लपवण्याचे, त्याचे चरित्र लिहिण्याची बुद्धी कोणाला व्हावी? गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील स्पीकरने मात्र हे कर्तव्य कधीच पाळले नाही. त्याने पदरची भर इतकी घातली की ती वजा केली तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर दुमदुमलेला गिटारचा आवाज ओळखू येण्याजोगा उरत नाही. म्हणून त्याची कैफियत स्वतंत्रपणे नोंदवणे अगत्याचे आहे.

आपल्या संगीतशास्त्राने नादाचे तीन धर्म मानले आहेत: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. सनईचा षड्ज आणि सतारीचा षड्ज एकाच उंचीचा व एकाच जोराचा असला तरी कानाला वाद्ये दोन कळतात ती जातीमुळे, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांच्या कमीअधिक प्रमाणामुळे. स्पीकर यांपैकी पहिल्या धर्माला हात लावत नाही. दुसऱ्याला थोडाफार लावतो. आणि तिसऱ्यावर तर त्याची जवळजवळ मालकीच चालते.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी एखादा जुना बारा इंची स्पीकर पेटीतून काढून टेबलावर उताणा ठेवावा. ठोकून आकार दिलेल्या पत्र्याचा त्याचा सांगाडा; सांगाड्याच्या बुडाशी चुंबक; चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये पोस्टकार्डाच्या काही जाडींएवढीच रुंद अशी वर्तुळाकार फट; आणि त्या फटीत कोठेही न घासता तरंगणारी, कागदाच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याच्या बारीक तारेची व्हॉइस कॉइल. ही नळी ज्याच्या मुळाशी चिकटवलेली असते तो शंकू दाबलेल्या लगद्याच्या कागदाचा; दुरुस्तीच्या दुकानात त्याला नुसते ‘कोन’ म्हणतात. राळ लावून कडक केलेले, नागमोडी वळ्यांचे एक वर्तुळाकार कापड, ज्याला ‘स्पायडर’ हे नाव आहे, कॉइलला फटीच्या मधोमध धरून ठेवते, आणि शंकूच्या बाहेरच्या कडेलाही तशाच वळ्या असतात, कारण कड लवचिक नसेल तर शंकू हलणार कसा? अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा प्रवाह कॉइलमध्ये उलटसुलट वाहू लागला की ती चुंबकाच्या क्षेत्रात पुढेमागे ढकलली जाते, तिच्याबरोबर शंकू ढकलला जातो, आणि शंकूबरोबर हवा.

येथवर सर्व सरळ आहे. गुंतागुंत सुरू होते ती कागदाच्या स्वभावामुळे. खालच्या स्वरांना शंकू अखंड एका अंगाने हलतो. पण आंदोलनसंख्या सेकंदाला हजाराच्या आसपास गेली म्हणजे मधला भाग एकीकडे आणि कड दुसरीकडे अशी त्याची फाटाफूट होऊ लागते, कागदाचे वेगवेगळे पट्टे स्वतंत्रपणे कंप पावतात, आणि काही उपस्वर फुगून तर काही आकसून बाहेर पडतात. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता तिची सेकंदाला सुमारे ८२ आंदोलने होतात. मानवी कानाची वरची मर्यादा २०,००० च्या घरात मानली जाते. आणि गिटारचा स्पीकर ५,००० च्या सुमारासच हात टेकतो. हात टेकण्यापूर्वी, २,००० ते ४,००० च्या पट्ट्यात, तो एक उसळी घेतो, आणि ही उसळी कोठे व किती, यावरच एका कारखान्याच्या मालाची दुसऱ्याच्या मालाहून वेगळी ओळख पटते. व्हॉल्व्हवर ताण देऊन मिळवलेला फाटका, खरखरीत नाद घरगुती संगीतश्रवणाच्या उत्तम स्पीकरमधून ऐकावा, म्हणजे ५,००० च्या पलीकडची कर्कशता कागद कशी गाळत होता ते लगेच कळते.

या यंत्राच्या जन्माच्या वेळी असल्या गाळणीचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. १८८६ साली डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि नंतर कॅलिफोर्नियात गेलेला पीटर जेन्सन याने एडविन प्रिडहॅमच्या साहाय्याने १९१५ साली नापा गावी हलत्या कॉइलचा कर्णा सिद्ध केला, त्याच वर्षीच्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोच्या जमावाला तो ऐकवला, आणि पुढे १९१९ मध्ये सॅन दिएगो येथे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे भाषण विराट जनसमुदायापर्यंत पोचवले, तेव्हा उद्देश मनुष्यवाणी दूर नेण्याचा होता. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी कर्णा काढून टाकून उघड्या कागदी शंकूचा जो स्पीकर विद्वत्सभेपुढे मांडला, त्याचे सारे गणित उंच-नीच सर्व स्वरांना समान न्याय मिळावा या हेतूने रचलेले होते. आजच्या बहुतेक स्पीकरांची वंशावळ याच स्पीकरपाशी येऊन थांबते. गिटारचा स्पीकरही त्याच वंशातला, परंतु घराण्याचे ब्रीद त्याने मोडले.

ते मोडण्याची वेळ आणली नाचगाण्याच्या दिवाणखान्यांनी. तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांच्या गर्दीत गिटारचा आवाज बुडून जाई. म्हणून १९३२ साली लॉस एंजेलिसहून पहिल्या विद्युत गिटारी बाजारात आल्या त्या मांडीवर आडव्या धरून वाजवायच्या हवाईयन धाटणीच्या होत्या, आणि १९३६ साली गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही गिटार व तिच्या जोडीचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चनने याच गिटारवर एकेरी स्वरांची अशी मालिका विणली की गिटार साथीच्या रांगेतून उठून पुढे येऊन उभी राहिली. पण या वाद्यासाठी म्हणून वेगळा स्पीकर कोणी घडवला होता काय? मुळीच नाही. रेडिओसाठी, सिनेमागृहासाठी आणि सभेसाठी जो माल तयार होत होता त्यातलाच दहा किंवा बारा इंची नग घ्यायचा आणि पेटीत बसवायचा, हीच त्या काळची पद्धत होती.

त्या काळी कायम टिकणारे बलवान चुंबक स्वस्त नव्हते, त्यामुळे स्पीकरच्या बुडाशी तारेची मोठी गुंडाळी ठेवून तिच्यात वीज खेळवीत आणि तात्पुरते चुंबकत्व निर्माण करीत. हीच गुंडाळी अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यातील गुरगुर गाळण्याचेही काम करी, म्हणजे एका खर्चात दोन कामे उरकत. १९३१ साली जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या मिश्रणातून जे प्रबळ चुंबकीय पोलाद शोधले, त्याच्या पुढच्या पिढीत कोबाल्टची भर पडून अल्निको नावाचा मिश्रधातू तयार झाला, आणि दुसरे महायुद्ध संपता संपता विजेच्या गुंडाळीची जागा त्याने घेतली. जेन्सनने १९२७ साली स्वतःच्या नावाने स्थापन केलेल्या आणि पुढे शिकागोत स्थिरावलेल्या कारखान्याच्या खुणा या स्थित्यंतराची साक्ष देतात: गुंडाळीच्या स्पीकरच्या क्रमांकाआधी ‘एफ’, कायम चुंबकाच्या स्पीकरआधी ‘पी’ आणि पुढे फेराइट या मृण्मय चुंबकाच्या स्पीकरआधी ‘सी’ हे अक्षर असे.

फुलर्टन येथे १९३८ साली रेडिओदुरुस्तीचे दुकान काढणाऱ्या लिओ फेंडरने पुढे गिटारींचा आणि अ‍ॅम्प्लिफायरांचा कारखाना उभारला, तेव्हा त्याने हेच ‘पी’ मालिकेतले जेन्सन पत्करले. डिलक्स या लहान अ‍ॅम्प्लिफायरात बारा इंची पी-१२-आर एक, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरच्या बासमनमध्ये दहा इंची पी-१०-आर चार, असा त्याचा बेत. या जुन्या नगांच्या सांगाड्यावर छापलेले आकडे ज्याला वाचता येतात त्याला एक छोटे दफ्तरच हाती लागते: आरंभीचे २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, १३७ म्हणजे सीटीएस, पुढचा एक किंवा दोन अंक वर्षाचा आणि शेवटचे दोन आठवड्याचे. २२०८३२ असा शिक्का दिसला तर तो नग जेन्सनच्या कारखान्यातून आठाने संपणाऱ्या वर्षाच्या बत्तिसाव्या आठवड्यात बाहेर पडला. ते वर्ष १९४८ की १९५८, याचा निवाडा मात्र पेटी आणि बाकीचे भाग पाहून करावा लागतो.

पी-१०-आरची व्हॉइस कॉइल अवघी एक इंच व्यासाची, शंकू पातळ, चुंबक लहान. असा हलका जीव झटकन हलतो, त्यामुळे तार छेडल्याबरोबर नादाचे पहिले टोक काचेसारखे स्वच्छ उमटते आणि वरचे उपस्वर झळाळतात. पण जोर वाढवला की तोच पातळ कागद कुरकुरू लागतो, खालचे स्वर सैल पडतात आणि नादाला एक दाणेदार खरखर येते. बासमन हा अ‍ॅम्प्लिफायर नावाप्रमाणे मंद्र स्वरांच्या बास गिटारसाठी काढलेला. त्या कामात चार पातळ दहा इंची शंकू अपुरे पडत, आणि नेमक्या त्याच अपुरेपणासाठी साध्या गिटारच्या वादकांनी तो उचलला. कारखानदाराने ज्याला उणीव म्हणून खाती टाकले, ते गिऱ्हाइकाने गुण म्हणून विकत घेतले, याचा हा पहिला मोठा दाखला होय.

त्याच दशकात या व्यवहाराला उघड बंडाचे रूपही आले. १९५१ साली मेम्फिसमध्ये ‘रॉकेट ८८’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी आइक टर्नरचा ताफा निघाला असता प्रवासात अ‍ॅम्प्लिफायरला इजा झाली आणि फाटलेल्या शंकूत कागदाचे बोळे कोंबून काम भागवावे लागले. विली किझार्टच्या गिटारचा तो भरड नाद ध्वनिमुद्रक सॅम फिलिप्सने लपवण्याऐवजी पुढे आणला. १९५८ मध्ये ‘रंबल’साठी लिंक रे याने पेन्सिलीने शंकूला भोके पाडली, आणि १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या एल्पिको नावाच्या चिमुकल्या अ‍ॅम्प्लिफायरचा शंकू ब्लेडने चिरून ‘यू रिअली गॉट मी’चा उद्दाम नाद मिळवला. पहिली घटना अपघाताची, पुढच्या दोन बुद्धिपुरस्सर. या तेरा वर्षांत फाटका कागद हा दुरुस्तीचा विषय न राहता रुचीचा विषय झाला.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे जेम्स बी. लॅन्सिंगचा डी-१३०. लॅन्सिंग १९४९ साली वारला, परंतु त्यापूर्वी त्याने पंधरा इंची स्पीकरला चार इंच व्यासाची व्हॉइस कॉइल, भरभक्कम अल्निको आणि मधोमध अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत टोपी देऊन असे यंत्र घडवले होते की ते सहजी तक्रार करीत नसे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर डिक डेल नावाचा वादक जाड तारांवर इतक्या जोराने वाजवी की फेंडरने दिलेले स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकामागून एक जळून जात. तेव्हा लिओ फेंडर आणि त्याचा सहकारी फ्रेडी टव्हारेस यांनी लॅन्सिंगच्या कारखान्याकडे धाव घेतली आणि फेंडरच्या नावाचा ‘एफ’ शेवटी जोडलेला, गिटारच्या झोडपणीसाठी बेतलेला डी-१३०-एफ तयार झाला. नादाला येथे धार आहे, ताकद आहे, खालचे स्वर घट्ट आहेत. नाही ती कुरकुर. जो वादक व्हॉल्व्हची फाटकी गर्जना शोधतो त्याला हा स्पीकर कोरडा वाटतो, आणि ज्याला प्रत्येक स्वर कोरून उमटलेला हवा त्याला जेन्सन गबाळा वाटतो. अधिक खर्चाचा, अधिक सुबक, राइस आणि केलॉग यांच्या आदर्शाला अधिक जवळ असा हा स्पीकर होता. तरी गिटारच्या जगात त्याला मानाचे एक पान मिळाले, गादी मिळाली नाही.

गादीवर हक्क सांगणारा दुसरा वंश इंग्लंडात वाढत होता. १९२४ साली टेम्सकाठच्या हॅम्प्टन विक येथे सुरू झालेल्या सेलेस्टियन कंपनीचा जी-१२ हा बारा इंची स्पीकर मुळात रेडिओच्या आणि सर्वसाधारण कामाचा. केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे टॉम जेनिंग्जच्या पेढीत व्हॉक्स अ‍ॅम्प्लिफायरांची आखणी करणाऱ्या डिक डेनीला गिटारचा मार सोसेल असा स्पीकर हवा होता. त्याच्या गरजेनुसार १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जी-१२ ला बळकटी आणून जो नग निघाला, तो रंगामुळे पुढे ‘ब्ल्यू’ म्हणून ख्यातनाम झाला. त्याची क्षमता १५ वॅटची. एसी-३० या अ‍ॅम्प्लिफायरची ३०. म्हणून पेटीत दोन ब्ल्यू बसवीत. हिशेब बरोबर जुळतो, पण शिल्लक शून्य, आणि या शून्य शिलकीतच त्या नादाचे मर्म आहे: वादकाने जोर लावला की व्हॉल्व्ह आणि स्पीकर दोघेही एकाच वेळी आपल्या मर्यादेला भिडतात. शॅडोज आणि बीटल्स यांच्या आरंभीच्या काळातील गिटारचा जो घंटेसारखा, वरच्या पट्टीत किणकिणणारा आणि तरीही कडा मऊ असलेला नाद आहे, त्यात या निळ्या अल्निकोचा वाटा मोठा आहे. कारखान्याच्या आजच्या तपशीलपत्रकात ब्ल्यूची संवेदनशीलता १०० डेसिबल नोंदवलेली आहे; ९७ डेसिबलच्या स्पीकरकडून तेवढाच जोर काढायचा तर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करावी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे शंकूची निवड ही नुसत्या रंगाची नसून बळाचीही बाब आहे हे कळते.

इकडे चुंबकाच्या बाजारात क्रांती झाली होती. १९५२ साली हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेने लोहभस्म आणि बेरियम यांपासून भाजून काढलेला फेराइट हा मृण्मय चुंबक जाहीर केला. त्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही. ताकद कमी पण किंमत त्याहून कमी. म्हणून जाड चकती वापरून काम भागे. १९६० च्या दशकाच्या मध्याला सेलेस्टियनने हा चुंबक जी-१२ ला लावला, वर हिरव्या प्लॅस्टिकचे झाकण चढवले, आणि ‘ग्रीनबॅक’ जन्माला आला. क्षमता प्रथम २० वॅट, नंतर २५. मध्यम चुंबकाचा तो जी-१२-एम, सुमारे ३५ औंसांचा. जड चुंबकाचा जी-१२-एच, सुमारे ५० औंसांचा आणि ३० वॅटचा. कारखान्याच्या लेखी ही सारी काटकसर. पण ऐकणाऱ्याच्या लेखी ब्ल्यूची किणकिण ओसरली, मधले स्वर दाट झाले, वरच्या टोकाला एक भरड लोकरी पोत आला.

हा पोत जगाला ऐकवला जिम मार्शलने. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे ढोल आणि गिटारी विकणाऱ्या या दुकानदाराने आपल्या कारागिरांकरवी १९६२ च्या सुमारास जो अ‍ॅम्प्लिफायर तयार करवला, तो फेंडरच्या बासमनची जवळजवळ नक्कल होता; पण अमेरिकन माल महाग पडे, म्हणून व्हॉल्व्ह इंग्लंडात मिळणारे, स्पीकर सेलेस्टियनचे. एकेका स्पीकरची झेप बेताची असल्याने दोन बसवले तर ते टिकेनात. म्हणून चार बसवले. आणि पेटी मागून उघडी न ठेवता बंद केली. या शेवटच्या निर्णयाचे महत्त्व कमी लेखू नये. उघड्या पेटीत शंकूच्या मागची हवा मोकळी सुटते, ती पुढच्या हवेला काही अंशी छेद देते आणि नाद खोलीभर पसरतो; बंद पेटीतली कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे शंकूला आवरते, खालच्या स्वरांना ठोसा येतो आणि नाद सरळ समोर धावतो. एकच विद्युतमंडल फुलर्टनमध्ये उघड्या पेटीतल्या चार पातळ जेन्सनांना जोडले तेव्हा झळाळले आणि हॅनवेलमध्ये बंद पेटीतल्या चार सेलेस्टियनांना जोडले तेव्हा गुरगुरले. १९६५ मध्ये गिटारवादक पीट टाउनशेंडने आठ स्पीकरांची एकसंध पेटी मागितली, ती उचलता उचलता हमालांचे कंबरडे मोडू लागले, म्हणून तिचे दोन तुकडे करून एकावर एक रचले, आणि रॉक संगीताच्या रंगमंचावरची ती प्रसिद्ध काळी भिंत उभी राहिली.

तुलनेचा सारांश असा मांडता येईल: एकच गिटार, एकच अ‍ॅम्प्लिफायर, आणि खर्जासकट सहाही तारांवर छेडलेला एकच स्वरसंघ घेतला, तर पातळ जेन्सनमध्ये सहा तारा सुट्या मोजता येतात आणि वरची झाक चमकते, लॅन्सिंगमध्ये त्या सुट्या तर राहतातच, शिवाय खर्ज पायाखाली जाणवतो, ब्ल्यूमध्ये त्या एकमेकींत गुंफून मध्याच्या वर एक झणत्कार उठतो, आणि ग्रीनबॅकमध्ये सहा तारांचा एक जाड दोर होतो, ज्याचे पदर कानाला वेगळे करता येत नाहीत. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढणारा मिरजेचा कारागीर पृष्ठभाग किंचित घासून ‘खुली’ किंवा ‘बंद’ जवारी ठरवतो आणि तारा त्याच असून तंबोरा पालटतो. गिटारच्या कागदी शंकूचे काम त्याच जातीचे आहे, फरक एवढाच की जवारी काढणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे पक्के ठाऊक असते, आणि शंकू बनवणाऱ्यांना ते बराच काळ ठाऊक नव्हते.

ठाऊक झाले ते माल दुर्मिळ झाल्यावर. फेराइट स्वस्त म्हणून अल्निको मागे पडतच होता. त्यात १९७८ साली झाईरच्या शाबा प्रांतात बंडखोर घुसले, कोल्वेझीच्या खाणींचे काम विस्कळित झाले, कोबाल्टचे भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढले, आणि स्पीकरांच्या उरल्यासुरल्या कारखान्यांनीही अल्निकोचा नाद सोडला. मध्य आफ्रिकेतील एका खाणीवरील हल्ल्याने इंग्लंड-अमेरिकेतील वाद्यांचा आवाज बदलावा, ही गोष्ट संगीताच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही, पण ती घडली. तोवर अ‍ॅम्प्लिफायर ५० आणि १०० वॅटचे झाले होते, स्पीकरांना अधिक तापमान सोसणे भाग होते, म्हणून व्हॉइस कॉइलच्या कागदी नळीची जागा उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याने घेतली. अमेरिकेत १९६६ पासून केंटकीमधील एमिनन्स गावचा त्याच नावाचा कारखाना मोठ्या प्रमाणावर माल पुरवू लागला. नवे स्पीकर जळत नसत; पण वादकांची तक्रार सुरू झाली की ते गातही नाहीत.

या तक्रारीला कारखान्यांनी दिलेले उत्तर मोठे बोधप्रद आहे. १९८६ साली सेलेस्टियनने जुन्या ब्ल्यूचा बाज फेराइटवर उतरवण्याच्या हेतूने ६० वॅटचा व्हिंटेज ३० काढला. ब्ल्यूची तंतोतंत प्रतिमा तो झाला नाही, वरच्या मध्यात त्याची स्वतःचीच एक टोकदार उसळी निघाली, आणि तिच्याचसाठी पुढच्या पिढीच्या जडशीळ संगीताने त्याला आपलेसे केले. पुढे ब्ल्यू आणि ग्रीनबॅक पुन्हा जुन्या मापांनी बनू लागले, जेन्सनचे नाव घेऊन इटलीतल्या एका कारखान्याने ‘पी’ आणि ‘सी’ मालिका पुन्हा सुरू केल्या, आणि पन्नास वर्षांपूर्वी ज्या पातळ कागदाबद्दल कारकुनाने खर्च वाचवल्याची नोंद केली असेल, त्याच पातळपणाची नक्कल करण्यासाठी आता प्रयोगशाळेत मोजमापे होऊ लागली. ध्वनिमुद्रणाचे तंत्रज्ञ तर याहून पुढे गेले: मायक्रोफोन शंकूच्या मध्याशी धरला तर नाद तिखट, कडेकडे सरकवला तर मवाळ, हे त्यांना कधीचे अवगत होते, आता ते जुन्या पेट्यांचा प्रतिसाद संगणकात साठवून ठेवतात आणि स्पीकर नसतानाही त्याची सारी व्यंगे नादावर चढवतात.

या इतिहासातून हाती लागते ते असे. गिटारच्या नादाला कोणा आचार्याची सनद नाही. तो कसा असावा हे कोणी ठरवले नव्हते. चुंबकाचा भाव, व्हॉइस कॉइलचा व्यास, मालाची आयात, पेटी उचलणाऱ्याचे कंबरडे, अशा सर्वस्वी व्यावहारिक कारणांनी तो वेळोवेळी बनत गेला, आणि काही थोड्या वादकांनी त्या-त्या वेळी जे हाती आले त्यातून असे काही वाजवले की पुढच्यांच्या कानाला तोच नाद स्वाभाविक वाटू लागला. जमिनीच्या दाव्यात जशी दीर्घकाळची वहिवाट अखेर हक्कात परिणत होते, तशी येथे उणीव गुणात परिणत झाली. ज्यांना ही परिणती कृत्रिम वाटते त्यांनी डी-१३० चे उदाहरण आठवावे: तो सर्व शास्त्रीय कसोट्यांवर सरस होता, त्याला भाव होता, चाहते होते, पण पातळ कागदाच्या कुरकुरीवर ज्यांचे कान घडले, त्यांना त्याने कधी जिंकले नाही. म्हणून यापुढे कोणी या वाद्याच्या नादाची खरी बखर लिहायला बसेल, तर त्याने प्रसिद्ध वादकांच्या चरित्रांबरोबर कारखान्यांचे खरेदीखाते, धातूंचे बाजारभाव आणि स्पीकरच्या सांगाड्यावरचे ते पुसट आकडेही तपासावेत. नादाची निम्मी कारणे त्याला तेथेच सापडतील, आणि उरलेल्या निम्म्यांचा निवाडा वादकाच्या कानाने करावा.